रावजी घाड्याचं गाऱ्हाणं

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. रावजी घाड्याचं जळलं, आणि कळलं ते ओवैसला.

जून महिना, ऐन दुपार. बहरैनमधल्या मुहर्रकच्या त्या जुन्या गल्लीत वाऱ्याचं नाव नव्हतं. लाँड्रीतला एसी नुसता घरघरत होता आणि वाफेने भिंतींना घाम फुटला होता. बकरी ईद चार दिवसांवर आलेली, कपड्यांचे ढीग छताला लागलेले. रावजी घुत्र्यांना इस्त्री करत होता. घुत्रा म्हणजे इथल्या पुरुषांचा डोक्यावरचा पांढरा रुमाल. त्याला खळ द्यायची, तिरका दुमडायचा आणि मधोमध अशी कडक घडी पाडायची की डोक्यावर घेतला की ती कपाळाच्या बरोब्बर मध्ये उभी राहिली पाहिजे. घडी बोटभर सरकली तरी गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. रावजीची घडी सहसा सरकत नसे.

मागे मशीनमधून ओले झगे उपसता उपसता ओवैसने नाक वर केलं. "रावजी भाई, कुछ जल रहा है!"

रावजीने इस्त्री उचलून घुत्रा पाहिला. "कपडा तो ठीक है."

"कपडा नहीं, हाथ! अल्ला के बंदे, अपना हाथ देखो!"

डाव्या मनगटावर चार बोटं रुंद कातडी पांढरी होऊन सुरकुतली होती. रावजीने ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी न्याहाळली. डाग पडू नये म्हणून आधी घुत्रा बाजूला सरकवला, मग हात नळाखाली धरला. आता जूनमध्ये बहरैनच्या नळाला थंड पाणी कुठलं! गच्चीवरच्या टाकीतून चहाचं आधण यावं तसं पाणी आलं. ओवैसने शेजारच्या दुकानातून बर्फ आणला, फडक्यात बांधून हातावर दाबला.

"दर्द नहीं होता?"

"होगा," रावजी म्हणाला, आणि उजव्या हाताने पुढचा रुमाल ओढला.

अगदीच दुखत नव्हतं असं नाही. पण ते दुखणं लांबवर होतं, शेजारच्या घरात कुणी भांडत असावं तसं. हे आजचंच नव्हे. गेलं वर्षभर सगळंच तसं झालं होतं. नातवाचा फोटो फोनवर आला की तो "गोड हा" म्हणायचा, कुणी गेल्याची बातमी आली की "वायट झाला" म्हणायचा, आणि दोन्ही वेळा आत काही म्हणजे काही हलायचं नाही. त्याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटत नव्हतं.

संध्याकाळी अरबाब आला. दुकानाचा मालक, म्हातारा, गुडघ्याने अधू, मनाने तसा बरा. काउंटरला टेकून तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "रावजी, ये दुकान खलास. मकान तोडेगा. ईद के बाद हमद टाउन में नया दुकान, बडा, नया मशीन. तुम इन-चार्ज. दो साल का नया वीज़ा. रहेगा कि जाएगा? ईद की छुट्टी के बाद जवाब दो."

"हाँ अरबाब," रावजी म्हणाला.

"हाँ मतलब रहेगा?"

"इंशाल्ला."

अरबाबने ते रहेगा असं धरलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

लाँड्रीच्या वरच दोन खोल्या होत्या. तिथे रावजी आणि शेवंती राहत. शेवंती सीफ भागातल्या एका पाळणाघरात आया होती. सकाळी व्हॅन न्यायला यायची ती दिवेलागणीला आणून सोडायची. सहा वर्षांपूर्वी, मुलाचं, विनीतचं, लग्न झाल्यावर, ती नवऱ्यामागे इथे आली होती. त्याआधीचा सगळा संसार तिने गावी एकटीने ओढला होता.

मनगट पाहून ती किंचाळलीच. "देवा रे! ह्या काय करून घेतलात? आणि वर येवन सांगूक नाय?"

"काम होता गो."

"काम होता म्हणे! हात तुटान पडलो असतो तर तो पण टॅग लावन हँगराक टांगलो असतास तुमी." तिने मलम लावलं. लावताना त्याच्या तोंडाकडे पाहत होती. माणूस चटका बसल्यावर स्स् तरी करतो. हा आपला पंख्याकडे बघत बसलेला.

"अरबाब काय म्हणता?"

त्याने सांगितलं. ती मोरीकडे वळली. मग डबा घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "माका रवाक आवडात. त्या पोरांची माका सवय झाली हा. एक चिमुरडी तर माझ्या मांडयेशिवाय झोपाचीच नाय. पण तुमी म्हणशात तसा."

"रवया मगे," रावजी म्हणाला.

शेवंतीचा चेहरा उजळला. त्याला ते दिसलं, बरंही दिसलं. तेवढंच.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर विनीतचा पिंपरीहून फोन आला. "बाबा, आता बस झालं हां. किती दिवस दुसऱ्याचे कपडे करणार? श्रेयाला परत नोकरीवर जायचंय, बाळाकडे घरचं माणूस पाहिजे. तुम्ही दोघं या. इथे आरामात राहा. या महिनाअखेरीचं तिकीट बघू का?"

"बघ," रावजी म्हणाला.

"म्हणजे येताय ना नक्की?"

"होय रे बाबा, येतंय."

शेवंती आंघोळीला गेली होती. तिने ऐकलं नाही.

आता कुणी म्हणेल, हा रावजी लबाड. तसं नव्हतं हो. होय म्हणताना ते त्याला खरंच वाटायचं, कारण नाही म्हणायला आत कुणी हजरच नसे. आणि होय त्याच्या रक्तात होतं. तो घाडी. मालवणच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, तिथे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. कुणाचं काही अडलं-नडलं की घाड्याने नारळ हातात घेऊन देवाला हाक मारायची, त्या माणसाचं मागणं मोठ्याने मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. बापाने ते त्याच्या जिभेवर चढवलं होतं. बहरैनला आला तसं तेही त्याच्याबरोबर आलं. सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीत मालवण-कणकवलीकडची आठ-दहा माणसं जमत. कुणाची लायसनची टेस्ट, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाची रजा. रावजी मागायचा. एकदा ओवैसच्या आईच्या डोळ्यांसाठीसुद्धा मागितलं होतं त्याने. देव मालवणातला, आई सियालकोटची, पण ऑपरेशन झकास झालं. तेव्हापासून ओवैसही मागे उभा राहून "होय म्हाराजा" म्हणायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा.

फक्त एक होतं. घाड्याने स्वतःसाठी गाऱ्हाणं घालायचं नाही, असा त्यांच्याकडचा दंडक. वैदाने आपली नाडी आपण बघू नये, तसंच ते. रावजीला त्याची कधी अडचण वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुयोग आला. सुयोग कणकवलीचा, पस्तिशीचा गडी, सीफच्या मॉलमध्ये मालाची गाडी चालवायचा. रावजीला काका म्हणायचा आणि खरोखर काका मानायचाही. त्याच्या कानावर बातमी गेली होती. "काका, दुकान मोडतत म्हणे? तुमी खय जातास काय? तुमी गेलात तर आमका कोण आसा?"

"मी खय जातंय," रावजी म्हणाला.

"नक्की? हमद टाउनाक पण नाय? थयसून येवक एक तास जाता. हयच मुहर्रकात कायतरी बघतंय मी तुमच्यासाठी, एक ओळखीचो टेलर हा."

"बघ."

सुयोग खुशीत गेला. झालं! एका रावजीला आता तीन ठिकाणी जायचं होतं, आणि तिन्ही ठिकाणचे लोक निर्धास्त झोपले होते.

ईदच्या आधीचे दिवस म्हणजे लाँड्रीवाल्यांची लढाई. रावजी उजाडताना खाली उतरायचा. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या टरारून यायच्या. घाम गळून इस्त्रीवर पडला की चर्र व्हायचं. मनगटावरचा फोड फुटला, त्याला बनियनचं फडकं गुंडाळून तो उभाच. शेवंती कामावरून आली की पदर खोचून काउंटरमागे उभी राहायची, कपड्यांना टॅग लावायची, हँगरवर चढवायची. पाठीतून कळ आली की कमरेवर मूठ मारून घ्यायची आणि पुढचा झगा उचलायची. ओवैसच्या बोटांची साबणाने सालं निघाली होती. तिघेही उभ्या उभ्या चहा प्यायचे आणि बोलायचे ते फक्त कपड्यांचं.

ईदच्या आदल्या संध्याकाळी एक तरणा गिऱ्हाईक घुत्रा घेऊन परत आला. घडी सरकली होती. दोन बोटं सरकली होती! भाजलेल्या हाताने ताण धरता आला नव्हता. तो अरबीत ताडताड बोलला, आणि बोलता बोलता त्याने तो रुमाल रावजीच्या अंगावर फेकला. रुमाल तोंडावर आपटून खांद्यावर लोंबकळला. दुकानात सात-आठ माणसं उभी होती. एका म्हाताऱ्या अरबाने त्या पोराला "ऐब, ऐब!" म्हणत लाज बाळग म्हणून दटावलं.

रावजीने खांद्यावरून रुमाल काढला, पाणी मारलं, घडी नव्याने पाडली, प्लास्टिकमध्ये घातला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "सॉरी," तो म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता, भीती नव्हती. काहीच नव्हतं.

शेवंतीच्या हातातला टॅग खाली पडला. रात्री शटर ओढल्यावर ती जिन्यातच थांबली. "तुमका राग इलो नाय?"

"कसलो?"

"त्येनी तोंडार फेकल्यान!"

"जावंदे गो. पोर होतो."

"मोठ्या मनान सोडलात तर मी पाय धरीन तुमचे. पण तुमी सोडलात नाय. तुमका लागलाच नाय." तिने जिन्याचा कठडा धरला. "हात भाजलो, लागला नाय. तोंडार कपडो मारल्यान, लागला नाय. उद्या मी मेलंय तर? ता पण लागाचा नाय?"

रावजी पायरीवर उभा राहिला. "लागात" असं म्हणायला हवं हे त्याला कळत होतं. जिभेवरही आलं. पण शेवंती अशी टक लावून बघत होती की ते तोंडदेखलं होय त्याला टाकता आलं नाही. तो पुढे होऊन दार उघडायला लागला. ती मागे जिन्यात बसून रडली. त्याला ऐकू येत होतं, आणि तो किल्ली शोधत होता.

ईदच्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी. दुपारनंतर वरच्या खोलीत माणसं जमली. सुयोग नारळ, अगरबत्ती घेऊन आला. कोपऱ्यातल्या फळीवर ग्रामदेवाचा फोटो होता, त्यापुढे त्याने पाट मांडला आणि म्हणाला, "आज काकांसाठी गाऱ्हाणा. आमच्यासाठी त्येनी जलमभर घातल्यानी. आज मी घालतंय. चुकलंय तर सांभाळून घेवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ओवैस नवा कुर्ता घालून दाराशी उभा होता. शेवंती स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यात. रावजीला पाटासमोर बसवलं. कधी नव्हे तो गाऱ्हाण्याच्या त्या बाजूला बसला होता. हात कुठे ठेवावेत ते कळेना त्याला.

सुयोगने नारळ धरला. "बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा साता समुद्रापलीकडे तुका हाक मारतत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हो तुझो घाडी, रावजी. आजपर्यंत सगळ्यांसाठी तुझ्याकडे मागल्यान. आज त्येच्या मनात जा काय आसा, ता..." सुयोग अडला. मान वळवून हळूच म्हणाला, "काका, काय मागू?"

रावजी फळीवरच्या फोटोकडे बघत राहिला.

"मुहर्रकातच बरी नोकरी गावांदे, असा मागू?"

"मुहर्रक?" शेवंती उंबऱ्यातून म्हणाली. "हमद टाउनाक जावचा ठरला हा ना? माका सांगलात तुमी, रवया म्हणून."

"माका सांगल्यानी, खय जात नाय म्हणून!"

"अरबाब तो बोल रहा था, नया वीज़ा पक्का," ओवैस म्हणाला.

आणि तेवढ्यात, वेळ साधावी तर अशी, विनीतचा फोन वाजला. रावजीचा मोबाइल पाटावरच पडला होता. जवळच्या माणसाने घाईघाईत उचलला तो स्पीकरवर लागला. "बाबा, तिकिटं काढली हां दोघांची! तीस तारीख. आईला सांगा, सामान फार आणू नका."

अगरबत्तीची राख पाटावर पडली.

शेवंती पुढे आली. "सगळ्यांका होय. माका होय, झिलाक होय, सुयोगाक होय, त्या अरबाक होय. तुमच्या होयाची किंमत काय हो? आमका नाचवतास? आणि तुमका? तुमका काय व्हया? तुमच्या तोंडान एकदा सांगा, मग मी उकिरड्यार येवन रवन. पण सांगा."

रावजीने मान खाली घातली. तो शोधत होता. खरोखर शोधत होता तो. पिंपरीचा फ्लॅट डोळ्यांपुढे आणला. तिथे विनीतचं सुख होतं. हमद टाउनचं नवं दुकान आणलं. तिथे अरबाबचं होतं, शेवंतीचं होतं. गावचं घरसुद्धा आणून पाहिलं. तिथे बापाचं होतं. एकेक करून सगळ्यांची सुखं हाताला लागत गेली, त्यांच्यासाठी त्याने मागितलेली. आपलं म्हणून काही सापडेना. आणि मग त्याला भीती वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे वाटलं होतं.

"माका म्हायत नाय," तो म्हणाला.

"काय?"

"माका काय व्हया, ता माका म्हायत नाय गो." त्याने मान वर केली. "मी कधी बघूकच नाय."

कुणी खाकरलं. सुयोग नारळ धरून तसाच उभा, त्याला काय करावं सुचेना. फोनमधून विनीत "हॅलो, बाबा? काय झालं?" म्हणत होता. शेवंतीने डोळे पुसले. नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सुयोगला म्हणाली, "तसाच सांग देवाक."

"कसा?"

"ह्येनी सांगल्यानी तसा."

सुयोगने तोंड फोटोकडे केलं. नारळ पुन्हा वर धरला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या रावजीक... काय व्हया, ता त्येकाच म्हायत नाय, म्हाराजा!"

आता याला होय म्हाराजा म्हणावं की म्हणू नये? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. असलं गाऱ्हाणं कुणी जन्मात ऐकलं नव्हतं. ओवैससुद्धा तोंड उघडून थांबला.

"होय म्हाराजा," रावजी म्हणाला.

त्याने ते कधीच म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं तो मागायचा आणि बाकीचे म्हणायचे.

"त्येका ता कळांदे, म्हाराजा!" सुयोगला आता धीर आला.

"होय म्हाराजा!" आता सगळे म्हणाले.

"आणि कळासर कोणी त्येच्या मागे लागा नये, म्हाराजा! आमी पण नाय, आणि झील पण नाय!"

"होय म्हाराजा!"

"होय म्हाराजा," फोनमधून विनीत म्हणाला. त्याला काय चाललंय ते अर्धवटच कळलं होतं, पण घाड्याचाच मुलगा तो.

नारळ फुटला. रावजीने फोन हातात घेतला. "विनीत, तिकीट माझा रद्द कर. आवशीक इचार, ती तिचा सांगात. मी आता येणार नाय. मागीर काय ता मागीर बघूया." पलीकडे विनीत चिडला. पाळणाघर शोधावं लागेल, श्रेयाला काय सांगू, आधी सांगायचं होतंत, असं बरंच बोलला. खरंच होतं त्याचं. रावजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही होय म्हटलं नाही. कपाळाला घाम आला होता त्याच्या.

सुट्टी संपली तसा अरबाब आला. त्याने इन-चार्जची नवी चावी टेबलावर ठेवली. रावजीने ती परत सरकवली. "अरबाब, अभी वीज़ा में चार महीना है. उतना काम करेगा, हमद टाउन में. इन-चार्ज नहीं. नया वीज़ा का अभी नहीं बोलेगा."

"लेश? क्यों? घर जाना है?"

"मालूम नहीं."

"पैसा कम है?"

"नहीं अरबाब. मालूम नहीं, बस."

अरबाबने त्याच्याकडे, मग ओवैसकडे पाहिलं. ओवैसने खांदे उडवले. "मजनून," म्हणजे वेडा, असं पुटपुटत त्याने चावी खिशात टाकली आणि जाताना या खेपेला पाठीवर थाप मारली नाही. रावजीला ते लागलं. तो दुपारपर्यंत मनातल्या मनात त्या थापेचाच विचार करत होता.

संध्याकाळी तो वर आला. दोघांचं सामान हमद टाउनला हलवायला काढलेल्या पिशव्या दारात पडल्या होत्या. शेवंतीने ताट वाढलं, भात, वर सोलाची आमटी, तळलेला बांगडा. आणि स्वतः पलीकडे पिशव्यांना गाठी मारत बसली. दोघांचं बोलणं अजून कामापुरतंच होतं. तिचा राग गेला नव्हता, आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं.

रावजीने भात कालवला. घास घेतला. थांबला. पुन्हा एक घेतला.

"खारट झाली हा," तो म्हणाला.

शेवंतीची गाठ अर्धीच राहिली. "काय?"

"आमटी. मीठ जास्त पडला."

लग्न होऊन चौतीस वर्षं झाली होती. करपलेलं, कच्चं, आळणी, काही वाढलं तरी हा माणूस "बरा झाला" म्हणून उठायचा. ती आली, त्याच्याच ताटात बोट बुडवून चाखलं. खारट होती. चांगलीच खारट होती.

"मगे नको खावा," ती म्हणाली. "ठेवा. मी पाणी घालून उकळी काढतंय."

"नको," रावजी म्हणाला, आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं. "माका अशीच व्हयी."

त्याने आणखी भात घेतला, त्यावर आमटी ओतली आणि भुरके मारत जेवायला लागला. शेवंती तिथेच बसून राहिली. मग तिने आपलं ताट घेतलं.